पालकत्व भावाचं, भेट बहिणीची: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणात खोटी नावं देण्यापेक्षा मी नातीच वापरते: थोरला, वहिनी, ताई आणि धाकटा. धाकटा त्या वेळी ४१ वर्षांचा होता. केस पांढरे व्हायला लागले तरी घरात, गल्लीत आणि आमच्या फायलीतही तो धाकटाच.

तो जन्मापासून बौद्धिक दिव्यांग, जोडीला फिट्सचा त्रास. तीस-चाळीस शब्द बोलतो, समजतं त्याहून पुष्कळ जास्त. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आईही गेली. दिव्यांग अपत्याला हे निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. पण कोषागारात सांगण्यात आलं, पालकत्वाचा दाखला आणा, मग बघू.

मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांना अशा खिडकीवरच कळतं. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा फक्त अज्ञान मुलांसाठी आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीला पालक नेमायचा तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकारी अध्यक्ष, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ही समिती. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात संस्थेची प्रतिनिधी म्हणून मी तिच्यावर होते. म्हणजे ज्या आदेशाविषयी पुढे लिहिणार आहे, त्यावर माझीही सही आहे.

फेब्रुवारी २०२२ ची ती बैठक मला आठवते. एका दुपारी अकरा अर्ज. या कुटुंबाचा अर्ज सात-आठ मिनिटांत झाला. थोरल्याचा नमुना 'अ' मधला अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र, ताईचं शंभराच्या स्टॅम्पपेपरवरचं ना हरकत प्रतिज्ञापत्र, सगळं जागेवर. अध्यक्षांनी धाकट्याला विचारलं, "भाऊ नीट सांभाळतो ना तुला?" तो हसला. ते हसणं आम्ही होकार धरलं. ताई बाहेर बाकावर बसली होती, तिला आत बोलवायचं कुणाला सुचलं नाही. नमुना 'ब' मध्ये आदेश निघाला. त्यात मालमत्ता होती, देखभाल होती, हिशेब होता. या माणसाला कोण भेटणार, कोण फोन करणार, याविषयी एक ओळही नव्हती.

समस्या

डिसेंबर २०२३ मध्ये ताई माझ्याकडे आली. मार्चपासून, म्हणजे नऊ महिने, तिची भावाशी भेट नव्हती. आधी दर दोन महिन्यांनी ती पनवेलहून एसटीने यायची, रविवारी संध्याकाळी सातला फोन ठरलेला. त्याचं 'निरामय'चं आरोग्य विम्याचं कार्ड दरवर्षी तीच नूतनीकरण करायची. मार्चनंतर फोनवर "झोपलाय" किंवा "बाहेर गेलाय" एवढंच उत्तर. भाऊबीजेला ती न कळवता गेली तर थोरला दारात उभा राहिला. म्हणाला, "मी त्याचा पालक आहे. कलेक्टरचा कागद आहे माझ्याकडे." ओवाळणीचं ताट पिशवीतून न काढताच ती परत आली.

त्यानंतर तिने दोन गोष्टी केल्या होत्या. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेली, तिथे घरगुती मामला म्हणून समजूत घालून पाठवलं. मग वकिलाकडून थोरल्याला नोटीस पाठवली. या नोटिशीने दार आणखी घट्ट लागलं.

जानेवारीत मी घरी गेले. खरं सांगायचं तर जाताना थोरल्याविषयी माझं मत जवळपास बनलेलं होतं. प्रत्यक्षात धाकटा स्वच्छ होता, नखं कापलेली, गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरलेला, निवृत्तिवेतनाचं पासबुक चोख. सगळं वहिनीचं काम. कागदावर पालक थोरला असला तरी अंघोळ घालण्यापासून रात्री फिट आली तर उशाशी बसण्यापर्यंत सगळं तीच बघते. आदेशात तिचं नाव कुठेच नाही.

तिने जे सांगितलं ते मी तसंच लिहून घेतलं. "वन्सं दोन दिवस येतात, लाड करतात, निघून जातात. मागं तीन दिवस हा उंबऱ्यावरनं उठत नाही, जेवत नाही. ते कोण बघतं?" आणखी एक कारण होतं. २०२२ च्या मे महिन्यात ताईने त्याला आठ दिवस पनवेलला नेलं होतं. तिथे गोळ्यांची वेळ चुकली आणि परतीच्या वाटेवर त्याला मोठी फिट आली. ताईनेही हे नंतर कबूल केलं.

तिसरं कारण मला कुणी आपणहून सांगितलं नाही. मार्च २०२३ मध्ये थोरल्याने वडिलांच्या ३२ गुंठ्यांच्या हक्कसोडपत्रावर ताईची सही मागितली होती आणि तिने नकार दिला होता. भेट बंद झाली ती त्याच महिन्यात. फिट आली तेव्हा झाली नव्हती, त्यानंतर तब्बल दहा महिने ताई येत-जात होती. थोरल्याचा समज असा की ताई धाकट्याला आपल्याकडे ओढून, स्वतः पालक होऊन, त्याचाही हिस्सा पदरात पाडून घेणार. माझ्या मते तो खोटं बोलत नव्हता. उंबऱ्यावर बसणारा भाऊही खरा होता आणि गुंठ्यांची भीतीही खरी होती. फक्त एक कारण तो पुढे करत होता आणि दुसरं पोटात ठेवत होता.

निघताना वहिनीने बोलता बोलता भिंतीकडे बोट दाखवलं. "कॅलेंडर बघा कसं घाण करतो." गेल्या वर्षीचं कालनिर्णय अजून तिथेच होतं. पानावर रविवारच्या लाल आकड्यांवर तेलकट बोटांचे ठसे होते. मी मागची पानं उलटून पाहिली. महिन्यामागून महिने, फक्त लाल आकडे. "त्याला आता वन्संची आठवणबी येत नाही," असं ती पाचच मिनिटांपूर्वी म्हणाली होती.

कोणते पर्याय होते

पोलिसांचा दरवाजा वाजवून झाला होता. मामांनीही एकदा मध्यस्थी करून पाहिली, पण ते ताईच्या बाजूचे म्हणून थोरल्याने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

ताईच्या वकिलांना उच्च न्यायालयात जायचं होतं. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका, त्यात भावाला बेकायदा अडकवून ठेवल्याचा दावा. पण धाकटा कायदेशीर पालकाच्या घरात, नीट सांभाळलेला होता. अडकवून ठेवणं हा शब्द न्यायालयात टिकणं कठीण होतं. शिवाय मुंबईच्या खेपा. उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं १८ ऑगस्ट २०२५ ला, ते तेव्हा नव्हतं.

दुसरा मार्ग, न्यास कायद्याच्या कलम १७ खाली पालकाला हटवण्याचा अर्ज. पालक छळ किंवा हेळसांड करत असेल, अथवा मालमत्तेचा अपहार करत असेल, तर नातेवाईक समितीकडे असा अर्ज करू शकतात. ताईचा सगळा ओढा इकडे होता. मी तिला एकच विचारलं: थोरल्याला हटवलं तर धाकट्याने राहायचं कुठे? पनवेलला तिची एक खोली नि किचन, त्यात सासू अंथरुणाला. ती बराच वेळ गप्प बसली. वकिलांचं म्हणणं होतं, हटवायचं नसलं तरी दबाव म्हणून अर्ज टाका. मला ते पटलं नाही. पासबुक चोख असताना हेळसांडीचा आरोप फेटाळला गेला असता आणि थोरल्याच्या हातात दुसरा कागद आला असता.

उरला तो मार्ग आमच्याच कायद्यात होता, आणि तो मला तीस वेळा वाचूनही दिसला नव्हता. कलम १४ मध्ये आहे की पालक नेमताना समितीने दोन गोष्टी पाहायच्या: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि कोणत्या कारणांसाठी आहे. त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीत, म्हटलंय की पालकाने कोणती कर्तव्यं पार पाडायची तेही समितीने ठरवून द्यावं. आम्ही छापील नमुन्यापलीकडे कधी गेलोच नव्हतो. बहिणीची भेट होऊ देणं हे एक कर्तव्य म्हणून आदेशात घालायला कायद्याची आडकाठी नव्हती.

युक्तिवाद करताना मी आणखी एक विसंगती समितीपुढे ठेवली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २६ प्रमाणे मानसिक आरोग्य संस्थेत दाखल असलेल्या माणसाला भेटायला आलेल्यांना भेटण्याचा किंवा नाकारण्याचा आणि फोन घेण्याचा हक्क आहे. आमचा धाकटा अशा संस्थेत असता तर त्याची बहीण त्याला भेटू शकली असती. तो स्वतःच्या घरात होता, म्हणून भेटू शकत नव्हती! अमेरिकेत रेडिओ निवेदक केसी केसम यांच्या आजारपणात त्यांच्या दुसऱ्या पत्नीने पहिल्या लग्नाच्या मुलांना भेटू दिलं नाही. त्यातून मुलांनी मोहीम चालवली आणि कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये अशा भेटींविषयी कायदा केला. आपल्याकडे त्याविषयी स्वतंत्र तरतूद नसल्याने आम्हाला परंतुकावर भागवावं लागलं.

काय केलं

समितीने ताईचा भेटीसाठीचा अर्ज दाखल करून घेतला, पण मार्च २०२४ ची बैठक लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत गेली. जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी, त्यामुळे जूनपर्यंत काहीच हललं नाही. हा उशीर एका अर्थी कामी आला. या तीन महिन्यांत आम्ही ते काम केलं जे २०२२ मध्ये करायला हवं होतं: धाकट्याला विचारलं.

तो पूर्वी ज्या कार्यशाळेत कागदी पिशव्या करायला जायचा तिथल्या विशेष शिक्षिकेला मी सोबत घेतलं. तिने सुरुवातीलाच बजावलं की "ताई आवडते का?" असा प्रश्न विचारायचा नाही, तो सगळ्यालाच हो म्हणतो. मग फोटो वापरले. थोरला, वहिनी, ताई, दोन अनोळखी माणसं, घर, पनवेलची इमारत, कार्यशाळा. तीन वेगवेगळ्या दिवशी, एकदा घरी आणि दोनदा कार्यशाळेत, फोटोंचा क्रम दर वेळी बदलून.

तिन्ही दिवशी त्याने ताईचा फोटो उचलून सदऱ्याच्या खिशात घातला आणि परत द्यायला तयार झाला नाही. वहिनीच्या फोटोवर हात ठेवून म्हणाला, "भाकरी." थोरल्याचा फोटो दोनदा उचलला, एकदा सोडला. अनोळखी फोटोंना हात लावला नाही. आणि पनवेलच्या इमारतीचा फोटो तिन्ही दिवशी लांब सरकवला, शेवटच्या दिवशी तर पालथा घातला.

हे ऐकून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं नव्हतं. तिला त्याला वर्षातून एक महिना आपल्याकडे न्यायचं होतं. मी म्हटलं, त्याचं हो ऐकायचं तर नाहीही ऐकावं लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कलम १४ खाली मर्यादित पालकत्वाची जी कल्पना आहे तिचा गाभा हाच: पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, दोघांनी मिळून ठरवायचं.

जुलैत समिती बसली. शिक्षिकेचा अहवाल वाचला गेला. थोरल्याने ३२ गुंठ्यांचा विषय काढला तेव्हा अध्यक्षांनी तो दिवाणी न्यायालयाचा म्हणून बाजूला ठेवला. माझ्या दृष्टीने बैठकीतला सगळ्यात कामाचा निर्णय तोच. पण नुसतं बाजूला ठेवून थोरल्याची भीती गेली नसती, म्हणून आदेशातच घातलं की भेटीच्या वेळी धाकट्याकडून कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा नाही. हे वाक्य वाचून दाखवल्यावर थोरला पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला.

बाकीच्या अटी साध्या होत्या. पहिला आणि तिसरा रविवार, अकरा ते चार, घरी किंवा कार्यशाळेत. ताईने आदल्या दिवशी कळवायचं. रविवारी संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल, तो पालकाने लावून द्यायचा आणि मधे बोलायचं नाही. गोळ्यांची वेळ ताईने वहिनीकडून समजून घ्यायची. पहिले सहा महिने मुक्काम नाही. धाकट्याने नको म्हटलं तर भेट तिथेच थांबवायची. आणि त्याला दवाखान्यात दाखल करावं लागलं तर २४ तासांच्या आत ताईला कळवायचं.

आदेश टाइप करताना कार्यालयातले लिपिक अडले. "मॅडम, नमुन्यात असा रकानाच नाही." ते चुकीचं सांगत नव्हते. शेवटी अटींचं पुरवणी पान वेगळं टाइप करून नमुना 'ब' ला टाचलं.

काय झालं

पहिल्या भेटीत वहिनी पाचही तास दारात तांदूळ निवडत बसली. दुसऱ्या भेटीत मधे उठून शेजारी गेली. चौथ्या भेटीच्या रविवारी ताईची गाडी घाटात अडकली, ती पोचलीच नाही, आणि धाकटा संध्याकाळी सहापर्यंत उंबऱ्यावर. त्या रात्री वहिनीचा मला फोन आला, चांगलाच तापलेला. तिचा राग रास्त होता. त्यानंतर ठरलं की ताईने गाडीत बसल्यावर फोन करायचा, तोवर धाकट्याला काही सांगायचं नाही.

भेटीनंतरचं उंबऱ्यावर बसणं संपलं नाही, पण तीन दिवसांवरून एका संध्याकाळवर आलं. त्या सहा महिन्यांत फिट्स वाढल्याची नोंद वहिनीच्या वहीत नाही. दर आठवड्याच्या फोनचा यात मोठा वाटा असावा असं शिक्षिकेला वाटतं. पुन्हा भेट कधी, हे त्याला कळायला लागलं.

आढावा ऑक्टोबरात व्हायचा होता, तो विधानसभा निवडणुकीमुळे डिसेंबरात झाला. तिथे ताईनेच सवलत मागितली. महिन्यातून दोनदा पनवेलहून येणं तिला झेपत नव्हतं. थोरला चटकन म्हणाला, "मी म्हणतच होतो." ते मला टोचलं, पण तो सर्वस्वी चूकही नव्हता. भेट महिन्यातून एकदा झाली, फोन तसाच राहिला.

२०२५ च्या उन्हाळ्यात वहिनीच्या भाच्याचं लग्न होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ती माहेरी सलग चार दिवस राहिली नव्हती. तिने स्वतः ताईला फोन केला. धाकट्याला पनवेलला जायचं नव्हतं, तेव्हा ताईच येऊन राहिली. चार दिवस थोरला तिच्याशी एक शब्द बोलला नाही, जेवण मात्र तिच्याच हातचं जेवला. ३२ गुंठ्यांचा दावा चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक आमची, नेमणुकीच्या दिवशीची. ताईचं ना हरकत पत्र आम्ही सगळ्याचीच संमती समजून बसलो. तिने थोरल्याच्या पालकत्वाला हरकत घेतली नव्हती, स्वतःच्या भेटीवर पाणी सोडलं नव्हतं. तिला बाकावरून आत बोलावून "तुम्ही किती वेळा येता?" एवढं विचारलं असतं तरी ती ओळ आदेशात आली असती. पालकत्वाची गरज कशासाठी, हेही आम्ही पाहिलं नाही. गरज कोषागाराची होती. तेवढ्यासाठी दिलेला कागद पुढे दारात आडवा येईल याचा विचार कुणी केला नाही.

वहिनीला आम्ही फार उशिरा मोजलं. ती सहपालक असती, किंवा निदान बैठकीला बोलावलेली असती, तर भेटीनंतरच्या तीन दिवसांचा प्रश्न फार आधी पुढे आला असता. मीही ताईची तक्रार घेऊन त्या घरात गेले, आणि पहिला अर्धा तास वहिनीकडे आरोपी म्हणून पाहिलं. तिला ते कळलं होतं. पुढे तिने मला तसं सांगितलंही.

वकिलाची नोटीस आधी आणि अर्ज नंतर, हा क्रम ताईला महागात पडला. पण तिला दोष कसा द्यायचा? समितीकडे असा अर्ज करता येतो हे समितीवरच्या मलाच ठाऊक नव्हतं.

एका बाबतीत माझं समाधान झालेलं नाही. धाकटा फोटो खिशात घालू शकला, म्हणून आमचं निभावलं. जो माणूस कोमात आहे, त्याचं काय? त्याच्यासाठी न्यास कायदा नाही. कोमातल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमण्यासारखे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्या अधिकारात दिले आहेत. अशा याचिकेत आई, भाऊ, पहिल्या लग्नाची मुलं यांनी भेटीचा मुद्दा सुरुवातीलाच मांडावा, असं मी आता सांगते. घरातले संबंध बरे असतानाच. नंतर तो मांडणारा प्रत्येक जण मालमत्तेसाठी आलाय असं समजलं जातं.

आमच्या जिल्ह्यात आता प्रत्येक अर्जासोबत ते पुरवणी पान लावतो: कोण भेटतं, किती वेळा, फोन कोणाचा, दवाखान्याची खबर कुणाला. नमुन्यात रकाना अजूनही नाही. पान वेगळंच टाचावं लागतं, आणि मागच्या बैठकीतल्या दोन फायलींमधून ते गळालेलं होतं.